मायना आणि मजकूर

पत्र कसें लिहावें हें आमच्या पूर्वजांनीं फार बारकाईनें ठरवून टाकलें होतें. कागदाच्या माथ्यावर मध्यभागीं 'श्री' लिहावयाचें. त्याखालीं, ज्यास पत्र पाठवावयाचें त्याच्या योग्यतेस शोभतील अशीं विशेषणें घालून त्याचें नांव लिहावयाचें. मग आपलें नांव. मग नमस्कार, आशीर्वाद, दंडवत, रामराम किंवा सलाम, ह्यांपैकीं नात्यास व दर्जास उचित असेल तें. आणि मग 'विनंति उपरि' असें म्हणून मुख्य विषयास हात घालावयाचा. हा जो अगोदरचा भाग त्यास मायना म्हणतात, आणि नंतरच्या भागास मजकूर.

शाळेंत मी पुष्कळ वर्षें मराठी व इतिहास हे विषय शिकविले. पत्रलेखनाचा तास आला कीं मुलें मायन्यापाशीं अडत. मामास 'तीर्थरूप' लिहावें कीं 'तीर्थस्वरूप', धाकट्या बहिणीस 'चिरंजीव' चालेल कीं नाहीं, असल्या शंका निघत. एखादा चुणचुणीत मुलगा उठून विचारी, "गुरुजी, हें सगळें कशासाठीं?" प्रश्न अगदीं वाजवी होता. आजचें भाषण म्हणजे त्या प्रश्नाचें थोडें लांबलेलें उत्तर आहे, असें श्रोत्यांनीं समजावें.

मायन्याचें शास्त्र जुनें आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि, म्हणजेच आपला हेमाडपंत, ह्याच्या नांवावर 'मेस्तक' ह्या नांवाचें एक प्रकरण परंपरेनें चालत आलें आहे. कोणीं कोणास कसें लिहावें ह्याचे नियम त्यांत सांगितले आहेत. पुढें मुसलमानी अमदानींत फारसी दप्तराची रीत त्यांत मिसळली आणि संस्कृत विशेषणांच्या शेजारीं 'मशहुरल अनाम' सारखे शब्द येऊन बसले. इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला. रियासतकार सरदेसाई ह्यांच्या देखरेखीखालीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग १९३० ते १९३४ ह्या काळांत छापले गेले. हीं पुस्तकें उघडणारा वाचक बहुधा मायना ओलांडून पुढें जातो. लढाई कोठें झाली, पैसा किती मिळाला, कोण कोणास फितला, हें जाणण्याची त्यास घाई असते. मला मात्र शिक्षकी पेशाच्या संवयीमुळें अगोदर मायनाच वाचावासा वाटतो, आणि त्यांत पुष्कळ कांहीं सांपडतें.

पाहा, पेशव्यांच्या दरबारांतील कारकून लिहावयास बसला म्हणजे त्याच्यापुढें केवढी मोठी जिन्याची चढण असे! वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मणास 'वेदमूर्ति'. बरोबरीच्या गृहस्थास 'राजमान्य राजश्री', ज्याचें पुढें नुसतें 'रा. रा.' झालें. मोठ्या सरदारास 'अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री', आणि नांवाच्या शेवटीं 'गोसावी यांसी'. वडिलांस 'तीर्थरूप', मुलास 'चिरंजीव', सवाष्ण स्त्रीस 'सौभाग्यवती' किंवा 'वज्रचुडेमंडित', विधवेस 'गंगाभागीरथी'. महेश्वरीं राहून इंदूरचें राज्य चालविणाऱ्या अहिल्याबाई होळकर ह्यांस 'गंगाजलनिर्मळ मातुश्री' असें लिहीत, आणि त्या शब्दांत केवळ रीत नसून मनापासूनचा आदर आहे असें मला नेहमीं वाटत आलें आहे. ब्राह्मणानें ब्राह्मणास नमस्कार लिहावा, मराठा सरदारास आशीर्वाद लिहावा. सरदारानें ब्राह्मणास दंडवत लिहावा. वरिष्ठास लिहितांना नाना फडणीसांसारखा राज्याचा सूत्रधारही स्वतःला 'सेवक बाळाजी जनार्दन' म्हणवी व 'कृतानेक साष्टांग नमस्कार' लिही. गांवच्या पाटलाकडे हुकूम जावयाचा असला म्हणजे मात्र 'मोकदम मौजे अमुक यांसी' एवढ्यावर भागे.

ह्या सर्वास नुसता पोकळ शिष्टाचार म्हणून हंसणें सोपें आहे. पण त्या काळचें काम कसें चाले तें ध्यानीं घ्यावें. सरदार दिल्लीकडे किंवा माळव्यांत, कारभारी पुण्यास. मध्यें शेंकडों कोसांचें अंतर. पत्र घेऊन जासुदांची जोडी निघावयाची, नदीनाले, पाऊस, पेंढारी ह्यांतून वाट काढीत ती पोंचावयाची, आणि उत्तर येईपर्यंत कित्येक आठवडे जावयाचे. समोरासमोर बोलतांना एखादा शब्द कडक निघाला तर चेहरा पाहून तो सांवरतां येतो. कागदावरचा शब्द सांवरतां येत नाहीं. मजकुरांत पैशाचा तगादा असे, हिशेबाची मागणी असे, कधीं कधीं स्पष्ट दोषही दिलेला असे. हें सगळें ज्यास वाचावयाचें त्यास अगोदर सांगावें लागे कीं, बाबा, तुझी योग्यता आम्ही विसरलों नाहीं. तें काम मायना करी. नाना फडणीस आणि महादजी शिंदे ह्यांचें एकमेकांशीं किती पटे व किती पटत नसे, हें इतिहासाच्या कोणत्याही विद्यार्थ्यास ठाऊक आहे. तरी महादजी मरेपर्यंत दोघांचा पत्रव्यवहार चालू राहिला आणि राज्याचें काम अडलें नाहीं. मायन्यास ह्याचें थोडें तरी श्रेय द्यावें लागेल.

मान राखला नाहीं म्हणजे केवढें नुकसान होतें, ह्याचें मोठें उदाहरण आपल्याच इतिहासांत आहे, आणि तें मोंगलांना भोंवलें. पुरंदरच्या तहाप्रमाणें १६६५ सालीं शिवाजीमहाराजांनीं तेवीस किल्ले मोंगलांस दिले. मिर्झाराजे जयसिंग ह्यांच्या आग्रहावरून व शब्दावर विश्वास ठेवून ते आग्र्यास गेले. १२ मे १६६६ रोजीं औरंगजेबाच्या वाढदिवसाच्या दरबारांत त्यांना पांच हजारी मनसबदारांच्या रांगेंत उभें करण्यांत आलें. पांच हजारी मनसब तर त्यांच्या मुलाला, नऊ वर्षांच्या संभाजीराजांना, अगोदरच मिळालेली होती. पुढच्या रांगेंत जसवंतसिंग राठोड. विडे वांटले गेले, खिलती दिल्या गेल्या; महाराजांकडे कोणी वळेना. महाराज संतापून रांगेंतून बाजूस झाले. मिर्झाराजांचे पुत्र रामसिंग त्यांची समजूत घालीत होते, पण त्यांनीं बादशहापुढें पुन्हां उभें राहण्यास साफ नकार दिला. ह्या प्रसंगाचीं त्या काळचीं राजस्थानी पत्रें जयपूरच्या दप्तरांत सांपडलीं आहेत, म्हणून ही केवळ बखरीची कथा नव्हे. त्याच वर्षीं १७ ऑगस्ट रोजीं महाराज आग्र्याहून निसटले, आणि पुढें १६७० सालापासून गेलेले किल्ले एकामागून एक परत घेतले गेले. औरंगजेबापाशीं खजिना होता, फौज होती, मुत्सद्दी होते. त्या दिवशीं पाहुण्यास दोन रांगा पुढें उभें करण्यास त्याला एक कवडीही पडली नसती.

परंतु मायन्याची एक काळी बाजूही आहे, आणि ती झांकून ठेवणें इतिहासशिक्षकास शोभणार नाहीं. १७४९ सालीं शाहूमहाराज वारले. त्यानंतर सातारचे छत्रपति नांवाचे धनी राहिले. सत्ता पुण्यास गेली. पेशव्यांच्या शिक्क्यांत मात्र अगोदर छत्रपतींचें नांव आणि मागाहून पेशव्यांचें, ही रीत चालूच राहिली. नवा पेशवा झाला कीं वस्त्रें सातारहून आणावयाचीं, हेंही चालू. म्हणजे मान सगळा सातारास आणि अधिकार सगळा पुण्यास! ज्याला गडाखालीं मोकळेपणानें उतरतां येत नाहीं त्याच्या नांवानें शिक्का उमटवावा, ही थट्टाच म्हटली पाहिजे. महादजी शिंदे ह्यांनीं हेंच शस्त्र पुण्यावर उलटविलें. १७९२ सालीं बादशहाकडून पेशव्यांसाठीं वकील-इ-मुतलकीचीं वस्त्रें घेऊन ते पुण्यास आले. दिल्लीचा बादशहा ज्याच्या मुठींत, तो हा पुरुष हत्तीवरून उतरून पायीं दरबारांत आला, सर्व मानकऱ्यांच्या खालीं बसला, आणि बगलेंतून नवे जोडे काढून सवाई माधवरावांच्या पायांपुढें ठेवता झाला. माझ्या बापाचें काम हेंच होतें, म्हणून माझेंही हेंच, असें तो म्हणाल्याचें ग्रँट डफनें आपल्या इतिहासांत नमूद केलें आहे. स्वतःला नुसतें 'पाटील' म्हणवून घेण्यांत त्याला भूषण वाटे. ही नम्रता खरी होती कीं राजकारण होतें? मला वाटतें, दोन्ही. पण त्या दरबारांतील किती मानकऱ्यांना त्या जोड्यांकडे पाहून सुखाची झोंप लागली असेल ह्याची मला शंकाच आहे.

तेव्हां एवढ्यावरून दिसेल कीं, मायना वर जातो. कनिष्ठाकडून वरिष्ठाकडे आणि फार तर बरोबरीच्याकडे. खालच्या माणसाकडे जातांना त्याची एक एक पायरी गळत जाते. मग राबणाऱ्या माणसाचा मान जुन्या कागदांत कोठें शोधावयाचा? माझें उत्तर असें कीं, तो मायन्यांत सांपडत नाहीं. सांपडलाच तर मजकुरांत सांपडतो.

१६७३ सालच्या मे महिन्यांतील शिवाजीमहाराजांचें एक पत्र प्रसिद्ध आहे. चिपळूणजवळ घोडदळाची छावणी होती, त्या छावणींतील जुमलेदार, हवालदार व कारकून ह्यांस तें लिहिलें आहे. पावसाळा तोंडावर आला होता. पत्राचा आशय असा: घोड्यांसाठीं दाणा व वैरण सांठवून दिली आहे, ती जपून पुरवा. आतांच मनास येईल तशी उधळलीत तर पावसाळ्यांत कांहीं मिळणार नाहीं, घोडीं मरतील आणि तीं तुम्हींच मारलीं असें होईल. मग तुम्ही गांवांत शिराल. कोणी कुणब्याच्या घरचे दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूडफांटा, कोणी भाजी. असें वागूं लागलांत म्हणजे जे कुणबी जीव मुठींत धरून घरीं राहिले आहेत तेही निघून जातील, आणि मोंगलांपेक्षां तुम्हीच वाईट असें त्यांना वाटेल. पैसे दिले आहेत; जें पाहिजे तें बाजारांत जाऊन विकत घ्या. पुढें विस्तवाची ताकीद आहे: कोणी गवताजवळ चुली पेटवितील, कोणी चिलमी ओढतील, रात्रीं दिवे जळत राहतील आणि उंदीर जळती वात ओढून नेतील. राज्याच्या धन्यानें उंदराच्या तोंडांतील वातीपर्यंत विचार करावा, ह्याचें मला प्रत्येक वाचनीं नवल वाटतें.

ह्या पत्रांत कुणब्यास कोणतेंही विशेषण नाहीं. 'राजमान्य' नाहीं, 'गोसावी' नाहीं. पत्र त्यास लिहिलेलेंच नाहीं. त्यानें तें कधीं पाहिलेंही नसेल. पण त्याची भाकर ही त्याची आहे, शिपायाच्या कमरेस तलवार आहे एवढ्यावरून ती शिपायाची होत नाहीं, हें त्यांत नि:संदिग्ध सांगितलें आहे. तीनच वर्षांनीं, १६७६ सालीं, प्रभावळीच्या सुभेदारास रामाजी अनंत ह्यास लिहिलेल्या पत्रांत हाच धागा आहे. रयतेच्या भाजीच्या देंठासही हात लावूं नये. गांवोगांव स्वतः हिंडावें, कुणबी गोळा करावे, ज्याला राबण्याचें बळ आहे पण बैल नाहीं, बीं नाहीं, त्यास तीं पुरवावीं आणि मग वसूल बेताबेतानें घ्यावा. आदर हा शब्द ह्यांत एकदांही नाहीं. सुभेदारानें आपल्या पायांनीं कुणब्याच्या बांधापर्यंत चालत जावें, ह्यापेक्षां अधिक आदर तो काय असावयाचा?

आतां ह्या साखळींतील शेवटच्या माणसाकडे येऊं. सरकारी कागद, सामान, वसुलाची थैली हीं एका गांवाहून दुसऱ्या गांवास पोंचविण्याचें काम महारांकडे असे. गांवच्या वतनांतील तें एक ठरीव काम. रात्र असो, पाऊस असो, हांक आली कीं निघावयाचें. ज्या कागदावर 'अखंडितलक्ष्मीअलंकृत' लिहिलेलें आहे तो ज्याच्या हातून जाई, त्याला स्वतःला ना विशेषण ना राजश्री. त्यानें उंबऱ्याबाहेर, अंगणाच्या कडेस उभें राहून 'जोहार' म्हणावयाचें आणि उत्तरादाखल एकेरी हांक ऐकावयाची. नमस्कार, दंडवत, रामराम, सलाम आणि जोहार: माणूस तोंड उघडतांक्षणीं त्याची जात कळावी अशी ही सोय होती. गोड भाषेंत सांगावयाचें तर व्यवस्था. मी तिला सोय म्हणतों, कारण ती कोणाच्या तरी सोयीची होती.

ही सोय मोडण्याचें काम गेल्या दीडशें वर्षांतलें आहे. महात्मा जोतीराव फुले ह्यांनीं १८७३ सालीं पुण्यास सत्यशोधक समाज स्थापिला, त्याच्या मुळाशीं हा मानाचाच प्रश्न होता. कोल्हापूरचे शाहू छत्रपति ह्यांचें उदाहरण मला विशेष बोलकें वाटतें. पाण्याच्या हौदास शिवल्याबद्दल गंगाराम कांबळे ह्या त्यांच्या पदरच्या माणसास इतरांनीं मारहाण केली. महाराजांनीं त्यास कोल्हापुरांत चहाचें दुकान काढण्यास साहाय्य केलें, आणि आपली गाडी त्या दुकानापुढें उभी करून भर रस्त्यावर ते तेथला चहा पिऊं लागले. बरोबरच्या मंडळींसही तो घ्यावा लागे. सरकारी दवाखान्यांत व शाळांत अस्पृश्यांस समानतेनें वागवावें, असे हुकूम त्यांनीं १९१९ सालीं काढले. हुकमाचा कागद काढणारे राजे पुष्कळ झाले. कपबशी हातांत घेणारा विरळा.

पुढें २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्यावर डॉक्टर आंबेडकर ह्यांनीं ओंजळभर पाणी घेतलें, तो इतिहास सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या पुढच्याच वर्षीं, १९२८ सालीं, मुंबईच्या कायदे कौन्सिलांत त्यांनीं महार वतनासंबंधीं एक बिल मांडलें, त्याची मात्र फारशी चर्चा होत नाहीं. रात्रंदिवस राबवून घ्यावयाचें आणि मोबदला म्हणून तुटपुंजी जमीन व घरोघरचें बलुतें, ही पद्धत माणसास मिंधा करून ठेवते. कामास नियमित वेतन पाहिजे, असें त्यांचें म्हणणें होतें. म्हणजे मान आणि मजुरी ह्या दोन गोष्टी त्यांनीं वेगळ्या मानल्या नाहींत. तें बिल तेव्हां मंजूर झालें नाहीं. तीं वतनें कायद्यानें नष्ट होण्यास १९५८ साल उजाडावें लागलें. दरम्यान 'जोहार' हा शब्द त्या समाजानें स्वतः होऊन टाकून दिला होता आणि त्या जागीं 'जय भीम' आला होता. त्याच्या प्रसाराचें श्रेय कामठीचे बाबू हरदास ह्यांस देतात. ते १९३९ सालीं, ऐन तारुण्यांत वारले. एका शब्दाच्या जागीं दुसरा शब्द आला, एवढेंच का हें? नव्हे. 'जोहार' एकानें म्हणावयाचा आणि दुसऱ्यानें ऐकावयाचा असे. 'जय भीम' ला 'जय भीम' हेंच उत्तर असतें.

१९५० सालीं राज्यघटना अमलांत आली, अस्पृश्यता कायद्यानें संपली आणि रावबहादूर, रावसाहेब ह्या पदव्या देण्याचेंही बंद झालें. हळूहळू 'रा. रा.' पाकिटांवरून गेलें. 'गं. भा.' ही अक्षरेंही बहुतेक गेलीं, आणि गेलीं तें बरें झालें. दिसण्यांत तो मान होता, पण टपालवाल्यापासून शेजाऱ्यापर्यंत सर्वांस त्या बाईचें वैधव्य तो रोज नव्यानें सांगत असे. राहिलें तें एक 'श्री'. पूर्वीं कागदाच्या माथ्यावर देवासाठीं लिहिलें जाणारें हें अक्षर आतां खालीं उतरून प्रत्येकाच्या नांवामागें लागलें.

प्रत्येकाच्या म्हटलें खरें. मी ज्या एका शाळेंत कांहीं काळ होतों, तेथें एक वृद्ध शिपाई होते. मुख्याध्यापकांहून वयानें वडील. सकाळीं सर्वांच्या अगोदर येऊन ते वर्ग उघडीत, घंटेचा टोला कधीं मिनिटभर चुकला नाहीं. शाळेंत नवीन आलेल्या शिक्षकापासून पांचवींतल्या मुलापर्यंत सारे त्यांस एकेरी नांवानें, 'अरे' म्हणून हांक मारीत. मुलांना आम्ही 'तीर्थरूप' आणि 'तीर्थस्वरूप' ह्यांतला भेद शिकवीत होतों, तेव्हां ते बाहेर पडवींत स्टुलावर बसलेले असत. त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या दिवशीं निरोपसमारंभाची सूचना फळ्यावर लागली. तिच्यांत 'श्री.' लिहून पुढें त्यांचें, वडिलांचें नांव व आडनांव असें पुरतें लिहिलेलें होतें. मधल्या सुटींत मुलांचा घोळका फळ्यापुढें जमला, आणि हे कोण गृहस्थ, आपल्या शाळेंत कोणता विषय शिकवितात, असें तीं एकमेकांस विचारूं लागलीं. ते स्वतः तेथेंच उभे होते. हातांत घंटेचा हातोडा होता. त्यांनीं घड्याळाकडे पाहिलें आणि टोला दिला.